हेरेमायाची माती

गिझबर्नला बसमध्ये चढल्यापासून हुहानाने परडी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. शेजारच्या पोरीने दोनदा विचारलं, आजी, वर ठेवू का ही? दोन्ही वेळा हुहानाने मान हलवली. परडी रिकामीच होती. घरामागच्या पाणथळीतली लांब पाती कापून तिने ती स्वतः विणली होती. विणायला बसलं की वाकडा शब्द काढायचा नाही, काही खायचं नाही, आणि रडायचं तर परडी ज्या कामाला विणली ते पुरं होईपर्यंत नाहीच, असं तिच्या आईने शिकवलेलं. पहिले दोन जमले होते. तिसरा जमवताना मात्र तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

वेलिंग्टनला बस सोडून ती आगगाडीने खोऱ्यात आली. खोऱ्यात उतरलं की आधी वारा भेटतो आणि मग माणसं. हुहानाला वाऱ्याबरोबरच नणंद भेटली, आणि दोघांतलं कोण परवडलं हे सांगणं अवघड होतं.

"आलीस?" मातेरोआ फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली. "किती वाळलीस गं वहिनी! किनाऱ्यावरचे मासे संपले, की तुझे दात?"

"दात आहेत. तुला चावायला राखून ठेवलेत."

मातेरोआ हसली, त्यांच्या रीतीप्रमाणे वहिनीच्या नाकाला नाक लावलं आणि तशीच तिला धरून रडायला लागली. अंगाने मोठी बाई, रडली की सगळी हलायची. हुहाना कोरडी उभी राहिली. "आत्ता नको," ती म्हणाली, "आधी पोराला बघू दे."

पोर म्हणजे हेरेमाया, पंचेचाळिशी ओलांडलेला. इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. दारूने लिव्हर पार खाल्लं होतं. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालेलं, पोट फुगलेलं आणि हातांच्या काड्या. हुहाना खाटेच्या कडेला बसली आणि त्याचे पाय दाबू लागली, कारण तेवढे पाय अजून त्याचे वाटत होते.

"बसने आलीस?" त्याने विचारलं.

"नाही, पोहत आले."

तो हसला, आणि हसल्याची शिक्षा म्हणून बराच वेळ खोकला. डॉक्टरांनी मातेरोआला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. ते हेरेमायालाही ठाऊक होतं. त्यांच्या घरात कुणाचं काही लपून राहत नसे.

"घरी चल रे," हुहाना म्हणाली. "तुझे भाचे गाडी घेऊन येतील. मागच्या सीटवर गादी टाकू."

"जगायला नेतेस?"

ती पाय दाबत राहिली.

"आणि नंतरचं मी आत्याला सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "पाद्रीबाबासुद्धा होते तेव्हा. मला इथंच ठेवा. तायता भागातल्या दफनभूमीत."

हे ती फोनवर ऐकून आली होती, तरी त्याच्या तोंडून ऐकताना पाय दाबता दाबता ती थांबली. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्यासाठी दोन्हीकडची माणसं भांडतात, आमचा आहे, आम्ही नेणार, म्हणून. त्यात मानच असतो मेलेल्याचा. पण त्याने स्वतःच जागा सांगून ठेवली असेल तर किनाऱ्याहून बसगाड्या भरून माणसं आली तरी त्यांना हात हलवत परत जावं लागतं. हुहानाला भांडायचं नव्हतंच. तिला त्याच्या तोंडून एकदा "येतो" एवढं हवं होतं.

"तिथं तुझं कोण आहे रे?" ती म्हणाली. "नंबर लावून पुरतात तिथं. डावीकडं कोण, उजवीकडं कोण, पत्ता नसतो. आपल्या टेकडीवर तुझ्या बापाशेजारची जागा मी कुणाला दिली नाही. माझ्यासाठीसुद्धा धरली नाही. मी पायथ्याशी निजेन."

"माझं झाड इथं आहे, आई. तुम्हीच लावलंत."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता.

हुहानाने परडी पुढे केली. "म्हणूनच ही आणलीय. उद्या जाते आणि लिंबोणीच्या मुळाशी खणून माती काढते. ती माती घरी येईल. मग तुझं इथं काय उरलं? मग येशील?"

हेरेमाया परडीकडे बघत राहिला. विणीवरून त्याने बोट फिरवलं, काठावरच्या गाठीपर्यंत. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"बघ मिळते का," तो म्हणाला. "मिळाली तर येईन."

त्या संध्याकाळी हुहाना मातेरोआकडे पोटभर जेवली. कित्येक दिवसांनी.

आता त्या झाडाचं. हुहानाच्या माणसांत मूल जन्मलं की त्याची वार, नाळेबरोबर पडते ती, वाडवडिलांच्या मातीत पुरतात. मग माणूस जगभर भटको, ती माती त्याला ओढून आणते. हुहानाच्या दोन्ही मुली किनाऱ्यावर जन्मल्या. दोघींची वार टेकडीच्या उतारावर आहे, आणि एक सिडनीहून, दुसरी ऑकलंडहून, नवऱ्या-पोरांसकट परत आल्या. हेरेमाया मात्र खोऱ्यात जन्मला. त्याच्या बापाला, होहेपाला, तेव्हा मोटारींच्या कारखान्यात नवी नोकरी लागली होती आणि सरकारी घर मिळालं होतं, नळाला गरम पाणी आणि मागे ऐसपैस अंगण असलेलं. इस्पितळात तेव्हा वार भट्टीत टाकून देत. हुहानाने बाळंतिणीच्या खाटेवरून उठून भांडून ती मिळवली होती. सासूने निरोप धाडला, भाचा बस चालवतो, त्याच्याबरोबर पाठवून द्या.

"कशाला?" होहेपा म्हणाला. "हे घर आता आपलंच की."

आणि त्याने कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला आणि वर लिंबोणीचं रोप लावलं. हुहानाने त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला गोड वाटलं होतं. जन्मभर आडाचं पाणी तापवलेल्या बाईला गरम पाण्याच्या घराला कुणीतरी आपलं म्हणावं असं वाटलं, यात नवल काय? पुढे सासू आली, कोपऱ्यातलं रोप पाहिलं, म्हणाली, "भाड्याच्या मातीत पुरलंत पोराला?" आणि पाण्याचा घोटही न घेता मातेरोआकडे निघून गेली. सासूची बोलणी हुहाना विसरायची. हे वाक्य ती विसरली नाही.

खोऱ्यात सगळे बाप्ये लिंबोणीच्या बुंध्याशी मुततात, त्याने फळ धरतं म्हणे. हुहानाच्या अंगणात तसं करणाऱ्याच्या पाठीत झाडू बसायचा. हेरेमाया गल्लीतल्या पोरांना ऐटीत सांगायचा, "ते झाड म्हणजे मी. त्याच्यावर मुतलास तर माझ्यावर मुतलास." पोरं घाबरून अंगणाबाहेर जायची.

कारखाना बंद पडला तेव्हा होहेपा आणि हुहाना पोरींना घेऊन किनाऱ्यावर परतले. हेरेमाया मिसरूड फुटलेला होता, म्हणाला, पुढे व्हा, मी मागून येतो. तो मागून आलाच नाही. घरात कुणी गेलं की यायचा, खांदा द्यायचा, आणि बायकांची भांडी घासून होण्याआधी परत निघालेला असायचा. बापाच्या वेळीही तसंच.

सकाळी मातेरोआने गाडी काढली. हुहानाने मागच्या सीटवर फावडं ठेवलं.

"हे बघून लोकांना वाटेल, मलाच पुरायला निघालीस."

"तुला पुरायला हे फावडं लहान पडेल."

मातेरोआ एरवी यावर उलटून बोलली असती. आज तिने नुसता गिअर टाकला. ती खोऱ्याच्या वरच्या टोकाला राहायची, खाली फारशी यायची नाही. तायताच्या सिग्नलला थांबल्यावर ती समोर बघत म्हणाली, "वहिनी, तिकडची जुनी घरं पाडलीत असं ऐकलंय. पण झाडं कशाला पाडतील गं? झाडांनी काय घोडं मारलंय?"

हुहानाने परडी घट्ट धरली. "काल का नाही बोललीस?"

"तू जेवत होतीस."

त्यांचं जुनं घर होतं ती कोतारे गल्ली कुठून सुरू होते हेच हुहानाला ओळखू येईना. वळण तेच होतं, वरचे डोंगर तेच, त्यांच्यावरची पिवळी काटेरी झुडपंही तीच. मधली घरं सगळी नाहीशी झाली होती. एका रंगाची, एका उंचीची, एकमेकांना चिकटलेली नवी दुमजली घरं उभी होती, काहींच्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. झाड एकही नव्हतं. लिंबोणी नव्हती, प्लम नव्हता, कोपऱ्यावरच्या म्हातारीचा गुलाबही नव्हता.

तारेच्या कुंपणाशी एक धिप्पाड सामोअन माणूस आला. इथला मुकादम, नाव लाफाएले. हातात फावडं आणि परडी घेतलेली म्हातारी पाहून त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"मावशी, आत नाही येता येणार. काय हवं होतं?"

हुहानाने सांगितलं. वार हा शब्द ऐकल्यावर त्याने पुढचं काही विचारलं नाही. त्यांच्या बेटांवरही ही रीत आहे.

"मी इथं नंतर आलो, मावशी," तो म्हणाला. "पण मला ठाऊक आहे काय झालं ते. जुन्या घरांच्या रंगात शिसं होतं. ते खाली झिरपून माती खराब झाली म्हणून सगळ्या अंगणांतली माती गुडघाभर खरवडून नेली. झाडं मुळासकट."

"कुठं नेली?"

"डोंगरापलीकडं. कचरा टाकतात त्या दरीत."

"मग तिथं जाते. कुठं टाकलीय ते दाखवशील?"

लाफाएलेने मातेरोआकडे पाहिलं, हिला तुम्हीच सांगा, अशा नजरेने. मातेरोआ बुटांकडे बघत होती.

"मावशी, अख्ख्या खोऱ्याची माती आहे तिथं," तो म्हणाला. "सगळी एकत्र. वरून आणखी भर घातलीय, त्याच्यावर प्लॅस्टिक, त्याच्यावर परत माती. मला तुमच्याशी खोटं बोलता येत नाही."

"गुडघ्याच्या खाली? एखादं मूळ?"

लाफाएलेने तिच्या डोक्यावर एक हेल्मेट ठेवलं आणि फाटक उघडलं.

जुन्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या डोंगरांमधली एक खाच दिसायची. भांडी विसळताना ती वर्षानुवर्षं त्या खाचेकडे बघत आली होती. खाच सरळ समोर येईपर्यंत ती नव्या घरांच्या मधून चालत गेली, मग डावीकडे वळून अंगणाएवढी चालली, आणि थांबली. पायाखाली काँक्रीट होतं. गाड्या उभ्या करायला पांढरे पट्टे आखले होते. हुहाना गुडघ्यांवर बसली आणि तिने हात टेकला. काँक्रीट उन्हाने कोमट झालं होतं. तिला प्रार्थना म्हणायची होती. कुणाला उद्देशून म्हणायची तेच कळेना. लाफाएले पाठ करून उभा राहिला.

गाडीत बसल्यावर मातेरोआने किल्ली हातातच धरली.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "माती ती माती. नदीकाठची घेऊ. पोराला आता धड डोळे उघडता येत नाहीत, त्याला काय कळणार? त्याला समाधान, आपलं काम."

"तोंड सांभाळ, मातेरोआ."

"मी सांभाळते तोंड. तू पोराला कसं सांभाळतेस ते सांग."

मातेरोआने किल्ली फिरवली. इस्पितळाचा फाटा दिसला तसं हुहानाच्या डोळ्यांपुढे तायताची दफनभूमी आली, रांगा, नंबर, रविवारीसुद्धा कुणी न येणारी जागा. होहेपाच्या शेजारचं गवत आलं.

"नदीकडं वळव," ती म्हणाली.

विलोच्या झाडांखाली काळी, मऊ माती होती. हुहानाने फावड्याने खड्डा केला, ओंजळभर माती उचलली आणि परडीवर धरली. हात उघडेना. तिने स्वतःला बजावलं, शिव्या घातल्या, तरी बोटं मिटलेलीच. माती दोन्ही बाजूंनी गळून गुडघ्यांवर पडत राहिली.

"मातेरोआ, डबा आहे का गाडीत?"

"आइस्क्रीमचा आहे. त्यात तळलेला पाव आणलाय तुझ्यासाठी."

"पाव काढ."

मातेरोआ बघतच राहिली. त्यांच्या घरांत जेवणाचं फडकं आणि अंगाचा टॉवेल एका बादलीत धूत नाहीत, आणि इथं पोराची माती जेवणाच्या डब्यात? "वहिनी, असं करू नये गं."

"खोटीच आहे ना," हुहाना म्हणाली. "मग चालतं."

हेरेमायाला नर्सने उशीला टेकवून बसवलं होतं. आई आत आली तेव्हा तो दाराकडेच बघत होता. सकाळपासून तसाच बसलाय, नर्स म्हणाली.

"मिळाली," हुहाना म्हणाली. आवाज चांगला लागला. वाटेत तिने तीनचारदा म्हणून पाहिलं होतं.

"झाड आहे?"

"आहे तर. लिंबं लगडलीत."

एवढं बोलायची गरज नव्हती. हेरेमायाने डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं, चिमूटभर माती चोळून पाहिली. मग झाकण परत लावलं, चारी बाजूंनी दाबून. त्याची नजर तिच्या कोपराला अडकवलेल्या परडीवर गेली.

"परडी रिकामी आहे, आई."

हुहानाने परडी पाठीमागे घेतली.

"खरी असती तर तू ती डब्यात आणली नसतीस."

तिने खाली मान घातली. आता तो चिडेल, मला फसवलंस म्हणेल, असं तिला वाटलं. त्याने तिचा हात धरला.

"ते झाड मी पाडलंय," तो म्हणाला.

"काय बोलतोस?"

"पाडापाडीच्या टोळीत लागलो होतो. कुठं नेतायत ते सांगत नाहीत, सकाळी गाडीत कोंबतात फक्त. उतरलो तर आपलं अंगण. मला वाटलं, बरं झालं, निदान मी आहे. कोपऱ्यातली बादलीभर माती मी बाजूला काढून ठेवली, मुळांसकट. तेव्हाच्या मुकादमाने बघितलं. म्हणाला, विषारी आहे ती, एक चिमूट जरी बाहेर नेलीस तर उद्यापासून येऊ नकोस." तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "किती दिवसांनी मिळालेलं काम होतं, आई. मी बादली परत ट्रकमध्ये ओतली. माझ्या हाताने."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी गेलोच नाही कामावर. म्हणजे दोन्ही गेलं."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. हुहाना त्याच्या हाताकडे बघत होती. ह्याच हाताने ओतली.

"ठाऊक होतं तर इथंच पुरा का म्हणालास? मला का धाडलंस?"

हेरेमायाने आधी मान वळवली आणि मग लहानपणी बोलायचा तसं बोलला. "तुला सगळं सापडायचं. माझा एक मोजा हरवला की मी घरभर शोधायचो आणि तू येऊन पहिल्या हाताला काढायचीस. मला वाटलं, मी नीट बघितलं नसेल. एखादं मूळ राहिलं असेल, तुला दिसेल."

काल त्याने भिंतीकडे तोंड का केलं होतं ते तिला आत्ता कळलं. तो नाही म्हणत नव्हता. तो आशा करत होता, आणि ती आज तिने आइस्क्रीमच्या डब्यात घालून आणली होती.

"ने मला," तो म्हणाला.

"कुठं?"

"टेकडीवर ने. बाबांशेजारी. आत्याला सांग, मी शब्द मागे घेतला."

"खरंच येतोस?"

"येतो. तिथं काय, इथं काय. आता सगळीकडं सारखंच आहे. मी कुठलाच नाही."

याच एका शब्दासाठी हुहाना एवढ्या लांब आली होती. आता तो मिळाला आणि तिला तो नको होता. "नाही, मी इथलाच" म्हणून हट्ट धरणारा कालचा पोरगा तिला परत हवा होता. त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. ती त्याचे पाय दाबू लागली, पण आज पायही परके वाटले.

त्याने डबा तिच्याकडे सरकवला. "ही परत ठेवून ये. हिची जागा तरी आपल्याला ठाऊक आहे."

मातेरोआ गाडीला टेकून उभी होती. "काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"अगं बाई!" मातेरोआने वहिनीला कवळ्यात घेऊन उचललंच. तिथेच तिने किनाऱ्यावर फोन लावला, पार्किंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "येतोय! अगं, हेरेमाया येतोय! टेकडीवरचं गवत काढायला घ्या! तुझ्या आईने मन वळवलं त्याचं!" पलीकडून लेकीचं रडणं ऐकू आलं, आनंदाचं, आणि मागे कुणीतरी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मातेरोआने फोन पुढे केला. हुहानाने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली.

"नदीवरून ने," ती म्हणाली.

खड्डा तसाच होता, बाजूला फावड्याची खूण. हुहानाने डबा उपडा केला, कडांना चिकटलेली माती बोटाने खरवडून आत पाडली आणि तळव्याने वरून दाबली. खड्डा बरोबर भरला, जरासुद्धा कमी पडला नाही. परडी तिच्या शेजारी गवतावर ठेवलेली होती, स्वच्छ. तिचं काम आता संपलं होतं, आणि नेमही संपला होता. हुहाना तिथंच बसली आणि रडली.